नखाएवढा पेन ड्राइव्ह आणि आईचा आवाज

पत्र असं आहे (नाव-गाव गाळून, थोडक्यात):

"मी शिक्षिका आहे. लॅपटॉपमधली जागा संपत आली म्हणून दोन वर्षांपूर्वी नखाएवढा छोटा पेन ड्राइव्ह घेतला, ६४ जीबीचा. आधीचा लांब होता, तो लॅपटॉप उचलताना दाराला आपटून वाकला, म्हणून छोटाच हवा होता. तो तेव्हापासून लॅपटॉपला लावलेलाच आहे, शाळेत न्यायचा असेल तेवढाच काढते. त्यावर प्रश्नपत्रिका, निकालाचे तक्ते, मुलांचे फोटो, आईने सांगितलेल्या जुन्या गोष्टींचं रेकॉर्डिंग असं सगळं आहे. गेल्या महिन्यात लॅपटॉपने अचानक विचारलं, हा ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का? मी घाबरून काढला, पुन्हा लावला, तर सगळं जागच्या जागी. भाऊ म्हणतो, छोटे पेन ड्राइव्ह म्हणजे खेळणी. मला मात्र छोटाच सोयीचा वाटतो. आता २५६ जीबीचा, चांगल्यातला घ्यावा म्हणते, म्हणजे पुन्हा बघायला नको. कोणता घेऊ? शिवाय ६४ चा ड्राइव्ह ५९ च का दाखवतो, माझी फसवणूक झाली का? आणि ड्राइव्ह काढण्याआधी 'सेफली रिमूव्ह' हल्ली करावं लागत नाही म्हणतात, खरं का?

ता. क. माउसही हल्ली अडखळतो. सेल बदलून झाले. लॅपटॉपच म्हातारा झालाय बहुतेक."

ताई,

तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते. पण मी अडले ती पत्रातल्या एका साध्या वाक्यापाशी, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा नाही. प्रश्नपत्रिका, तक्ते, फोटो आणि आईचं रेकॉर्डिंग हे सगळं तुम्ही एका दमात, एकाच रांगेत लिहून टाकलंय. प्रश्नपत्रिका गेली तर तुम्ही वैतागाल आणि रात्र जागून दुसरी काढाल. निकालाचा तक्ता कुठल्यातरी ईमेलमध्ये सापडेल. फोटोंपैकी बरेचसे कुणा ना कुणाच्या फोनमध्ये असतील. आईचं रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठे आहे का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

तेव्हा नवा कोणता घ्यायचा ते जरा बाजूला ठेवा आणि आधी ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर आणि फोनमध्ये उतरवून घ्या. भावालाही पाठवा. जागेची चिंता करू नका. १२८ केबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटने, केलेलं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण ५८ एमबी भरतं, म्हणजे दहा तासांच्या गोष्टी असल्या तरी ६०० एमबीच्या आत. लॅपटॉप कितीही भरलेला असो, डाउनलोड्सच्या फोल्डरमधले दोन जुने व्हिडिओ उडवलेत तरी एवढी जागा निघते. कॉपी झाली की ती नवी फाइल उघडा आणि मधूनच कुठूनतरी दोन मिनिटं ऐका. यादीत फाइलचं नाव दिसलं म्हणजे आत आवाज आहेच असं नसतं, हे मी एकदा फार उशिरा शिकलेय.

झालं? मग पुढे वाचा.

लॅपटॉपने विचारलेल्या त्या फॉरमॅटच्या प्रश्नाने तुम्ही घाबरलात ते योग्यच. 'हो' दाबलं नाहीत हे त्याहून योग्य. तो प्रश्न म्हणजे काय, तर संगणकाला ड्राइव्हची अनुक्रमणिका वाचता आली नाही. कुठली फाइल कुठल्या जागी ठेवलीय याची एक नोंदवही ड्राइव्हवर असते. ती उघडली नाही की संगणकाला वाटतं, हा कोराच आहे, आणि तो मदतीच्या भावनेने फॉरमॅट सुचवतो. फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात. पुन्हा लावल्यावर सगळं दिसलं, म्हणजे नोंदवही शाबूत आहे. मग त्या दिवशी काय झालं? प्लगचा स्पर्श नीट झाला नसेल, ड्राइव्ह तापलेला असेल, लिहिणं चालू असताना धक्का बसला असेल किंवा आतला कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप, थकत चालला असेल. यातलं नेमकं कोणतं हे पत्रावरून मला सांगता येणार नाही, आणि खरं तर शोधत बसायचं कारणही नाही. एकदा असं वागलेल्या ड्राइव्हवर एकुलती एक प्रत ठेवायची नाही, एवढं पुरे.

पुन्हा कधी तो प्रश्न आला, तुम्हाला किंवा हे वाचणाऱ्या कुणालाही, तर 'कॅन्सल' दाबा. दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा, मग दुसऱ्या संगणकावर. उघडला तर बाकी काही न करता आधी सगळं उतरवून घ्या. उघडलाच नाही तर त्यावर नवीन काहीही लिहू नका. टेस्टडिस्क आणि फोटोरेक नावाचे मोफत प्रोग्राम बऱ्याचदा फाइली बाहेर काढतात. मात्र सापडलेल्या फाइली त्याच ड्राइव्हवर ठेवायच्या नाहीत, नाहीतर जे वाचवायला निघालो त्याच्यावरच नवं लिहिलं जातं.

आता तुमच्या पत्राच्या तळाशी जे गृहीत आहे, त्याबद्दल. "२५६ जीबीचा, चांगल्यातला घ्यावा, म्हणजे पुन्हा बघायला नको." हे 'पुन्हा बघायला नको' मला पटत नाही. मोठा आणि महाग ड्राइव्ह घेतलात तरी तो एकच असणार. आज ६४ जीबी एका नखावर लटकलेत, उद्या २५६ लटकतील. जोखीम होती तिथेच राहिली, गमावायचं मात्र चौपट झालं.

पेन ड्राइव्ह आतून कसा असतो ते थोडं सांगते, म्हणजे मी उगीच घाबरवतेय असं वाटणार नाही. आतल्या चिपमध्ये लोहचुंबक नाही, फिरणारी तबकडी नाही. कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येकात थोडासा विद्युतभार कोंडलेला असतो. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मेमरीचा नँड हा प्रकार १९८७ मध्ये मांडला, आणि आजचे पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेली डिस्क) सगळे त्याच घराण्यातले. सुरुवातीला एका कप्प्यात एकच बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, ठेवत, म्हणजे भार आहे की नाही एवढंच बघायचं. जागा वाढवायची म्हणून एका कप्प्यात तीन बिट कोंबू लागले, तेव्हा भाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखण्याची वेळ आली. चार बिट कोंबले तर सोळा. आता कोंडलेला भार वर्षानुवर्षांत हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेत जास्त वेगाने झिरपतो. दोनच पातळ्या असत्या तर थोडं झिरपणं खपून गेलं असतं. सोळा पातळ्यांत तेवढ्याने सात नंबरचा सहा होतो. अशा चुका दुरुस्त करायची सोय कंट्रोलरमध्ये असते, पण तिलाही मर्यादा आहे. शिवाय प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो. एसएसडीमध्ये ही झीज सगळीकडे सारखी वाटून देणारा हुशार कंट्रोलर असतो. साध्या पेन ड्राइव्हमधला त्यामानाने बेताचाच असतो.

तुमचा ड्राइव्ह दोन वर्षं लॅपटॉपला लावलेला आहे, म्हणजे दोन वर्षं तो गरम कुशीत बसलाय. विश्वास बसत नसेल तर एकदा मोठी फाइल कॉपी करून लगेच काढून बोटात धरा. छोट्याशा शरीराला उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते, तो चांगला चटका देतो. आणि लावलेला ड्राइव्ह कधी स्वस्थ नसतो. अँटिव्हायरस त्याची झडती घेतं, शोध घेणारी यंत्रणा फाइली चाळते, तुम्ही थेट त्यावरचीच फाइल उघडून टाइप करत असाल तर वर्ड दर थोड्या वेळाने तात्पुरत्या फाइली लिहीत-पुसत राहतं. या मेमरीत एक अक्षर बदलायचं तरी तेवढंच पुसता येत नाही, आख्खा मोठा गट पुसून नव्याने लिहावा लागतो. म्हणून प्रश्नपत्रिका थेट पेन ड्राइव्हवर टाइप करू नका. लॅपटॉपवर तयार करा, झाली की नेण्यापुरती कॉपी करा.

तुमचा भाऊ अर्धा बरोबर आहे. छोट्या ड्राइव्हला खेळणं म्हणणं अन्यायाचं होईल. नेहमीचा लांब पेन ड्राइव्ह उघडला तर आत हिरवी पट्टी दिसते, तिच्यावर कंट्रोलर वेगळा, मेमरीची चिप वेगळी, प्लग डाख लावून जोडलेला. तुमचा वाकला तो बहुधा त्या जोडापाशीच. छोट्यात सहसा हे सगळं एकाच काळ्या ठोकळ्यात ओतलेलं असतं. वाकायला काही नाही, खुळखुळायला काही नाही, कधी पाणी लागलं तर वाळवून चालूही होतो. टीव्हीच्या मागे किंवा गाडीच्या म्युझिक सिस्टीमला कायम लावून ठेवायला यासारखा दुसरा नाही.

पण हाच ठोकळा बिघडला की पंचाईत. लांब ड्राइव्हची मेमरी चिप वेगळी काढून डेटा वाचायचा प्रयत्न करता येतो. ओतीव ठोकळ्यात चिप सुटी नसतेच. डेटा काढून देणाऱ्यांना वरचं आवरण खरवडून केसाएवढ्या तारा आतल्या बिंदूंना जोडाव्या लागतात. हे काम वेळखाऊ असतं, महागही, आणि यशाची हमी नाही. दुसरी गोष्ट, बहुतेक छोट्या ड्राइव्हना दिवा नसतो, त्यामुळे आत लिहिणं चालू आहे की थांबलं ते बाहेरून कळत नाही. आणि तिसरी तुम्हाला माहीतच असेल: तो हरवतो. शाळेच्या संगणकाच्या मागच्या बाजूला राहून गेलेला नखाएवढा ड्राइव्ह दुसऱ्या दिवशी आठवतो.

आता तुमचा ता. क. मला पत्रातला सगळ्यात मजेदार भाग तोच वाटला, कारण तो तुम्ही वेगळा प्रश्न म्हणून लिहिलाय आणि माझ्या मते तो याच प्रश्नाचा आहे. तुमच्या माउसचा छोटासा रिसीव्हर पेन ड्राइव्हच्या शेजारच्याच पोर्टमध्ये आहे ना? यूएसबी ३ ची उपकरणं काम करताना जो रेडिओ गोंगाट करतात, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. बिनतारी माउस आणि कीबोर्ड नेमके त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. विशेषतः मोठी फाइल जात-येत असताना शेजारचा माउस उड्या मारतो, दोन सेकंद गोठतो, पुन्हा चालतो. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावून बघा, किंवा वीतभर एक्स्टेन्शन केबलने लांब न्या. माउस सुधारला तर लॅपटॉपला म्हातारं ठरवायची घाई नको.

६४ ऐवजी ५९. यात तुमची फसवणूक झालेली नाही. बनवणारे १ जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट धरतात, दशमान पद्धतीने. विंडोज १ जीबी म्हणतं तेव्हा त्याच्या मनात १,०७,३७,४१,८२४ बाइट असतात, १०२४ चा तीनदा गुणाकार. ६४ ला त्या हिशेबाने भागलंत की ५९.६ येतात. हाच ड्राइव्ह मॅकवर लावलात तर तो ६४ च्या जवळपास दाखवेल, कारण मॅक २००९ पासून दशमानाने मोजतो. वस्तू तीच, माप वेगळं.

खरी फसवणूक वेगळ्या प्रकारची असते, आणि नवा घेताना तिच्याकडे लक्ष द्या. बनावट ड्राइव्हवर २५६ किंवा थेट २ टीबी छापलेलं असतं, संगणकात लावला तर तोही तेवढंच दाखवतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आत असतात ८ किंवा १६ जीबी. कंट्रोलरलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. तुम्ही फाइली भरत जाता, खरी जागा संपते, आणि मग नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा सरळ हवेत जातात. यादीत नावं सगळी दिसतात, आकारही बरोबर, उघडायला गेलं की काही नाही. लोकांना हे महिन्यांनी कळतं. म्हणून नवा ड्राइव्ह आणला की त्यावर काही ठेवण्याआधी, परत करायची मुदत असेपर्यंत, तो पूर्ण तपासून घ्या. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफथ्री हे मोफत प्रोग्राम आख्खा ड्राइव्ह भरतात आणि पुन्हा वाचून ताडून बघतात. वेळ लागतो. सेकंदाला २० एमबी लिहिणारा ६४ जीबीचा ड्राइव्ह भरायलाच जवळपास ५३ मिनिटं जातात, वाचायचा वेळ वेगळा. रात्री लावून झोपा.

वेगाबद्दल थोडक्यात. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा वाचनाचा असतो. लिहिण्याचा वेग बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच, आणि तुम्हाला रोज खुपतो तो लिहिण्याचा. यूएसबी ३.०, ३.१ जनरेशन १ आणि ३.२ जनरेशन १ ही तिन्ही नावं एकाच ५ गिगाबिटच्या वेगाची आहेत, नाव बदललं म्हणून जास्त देऊ नका. पोर्टच्या आतली पट्टी निळी असेल तर ते बहुधा यूएसबी ३ चं. जुन्या काळ्या-पांढऱ्या यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावलात तर कितीही भारी ड्राइव्ह ४८० मेगाबिटच्या, म्हणजे कागदावर सेकंदाला ६० एमबीच्या, वर जाणार नाही. आणि शेकडो बारीक फाइली न्यायच्या असतील तर आधी त्यांची एक झिप करा. फाइलगणिक नोंदवहीत नोंद करताना छोट्या ड्राइव्हची जी दमछाक होते, ती वाचते.

'सेफली रिमूव्ह'बद्दल तुम्ही ऐकलं ते निम्मं खरं आहे. विंडोज १० च्या २०१८ मध्ये आलेल्या १८०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हीच मूळ पद्धत ठरवली. त्यात लिहायचा मजकूर संगणक स्वतःच्या मेमरीत साठवून ठेवत नाही, लगेच ड्राइव्हकडे पाठवतो. पण लिहिणं चालू असतानाच काढलात तर ही पद्धत काय करणार? मॅक आणि लिनक्सवर तर साठवून मग लिहिण्याची सवय अजून आहे: पट्टी शंभर टक्क्यांवर पोचते, खिडकी बंद होते, आणि दिवा असलेला ड्राइव्ह असेल तर तो पुढे अर्धा मिनिट लुकलुकत राहतो. तुमच्या ड्राइव्हला बहुधा दिवाच नाही. तेव्हा तुम्ही इजेक्ट, म्हणजे तेच 'सेफली रिमूव्ह', करूनच काढा. शाळेचा संगणक कुठल्या आवृत्तीवर आहे हे बघत बसण्यापेक्षा दोन क्लिक स्वस्त पडतात. 'ड्राइव्ह वापरात आहे' असं म्हणून तो अडून बसला तर उघडी फाइल बंद करा. तरी ऐकेना तर संगणक बंद करून काढा.

रोज काढ-घाल करून प्लग झिजेल अशी भीती असेल, कारण बरेच जण त्यासाठीच लावून ठेवतात, तर हा हिशेब बघा. नेहमीच्या चपट्या यूएसबी प्लगने किमान १,५०० वेळा घालणं-काढणं सोसावं अशी मानकाची अपेक्षा आहे. रोज एकदा म्हटलं तरी चार वर्षं झाली. टाइप-सीला तर १०,००० वेळांची अट आहे.

प्रश्नपत्रिकांचं मात्र मला खरंच काळजीचं वाटतं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात उघड्या फाइली घेऊन नखाएवढी वस्तू शाळेत फिरवणं बरं नव्हे. सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम घ्या, फाइली सेव्हन-झेड प्रकारात बांधा, पासवर्ड द्या आणि 'फाइलींची नावंही लपवा' या चौकटीत खूण करा. त्यातलं एईएस-२५६ कूटलेखन भक्कम आहे. साध्या झिपचा जुना पासवर्ड प्रकार वापरू नका, तो कच्चा असतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर टू गो आहे, त्याने आख्खा ड्राइव्हच कुलूपबंद होतो आणि होम आवृत्तीच्या संगणकावरही पासवर्ड देऊन उघडतो. मॅकवर मात्र तो आपला आपण उघडत नाही. पासवर्ड विसरलात तर यातलं काहीच परत मिळणार नाही, तो वहीत लिहून घरी ठेवा.

आणखी एक विचित्र गोष्ट. विंडोजमध्ये पेन ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. म्हणजे चुकून उडवलीत तर तुम्हाला सहज परत मिळत नाही. पण ज्याच्या हाती तो ड्राइव्ह पडेल आणि ज्याला फोटोरेकसारखा प्रोग्राम चालवता येतो, त्याला ती बहुधा मिळते, कारण पुसली जाते फक्त नोंद. म्हणून ड्राइव्ह कुणाला देऊन टाकताना नुसतं डिलीट करून भागत नाही. विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा.

शाळेच्या संगणकावरून आणल्यावर एखाद्या दिवशी फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसतील. हा फार जुना रोग आहे. व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडतो. त्यावर क्लिक केलं की तो तुमच्या लॅपटॉपवर येतो. क्लिक करू नका, आधी अँटिव्हायरसने तपासा, मग 'लपवलेल्या फाइली दाखवा' चालू करा. फोल्डर तिथेच असतात. आणि व्हरांड्यात कुणाचा तरी ड्राइव्ह पडलेला सापडला तर 'कुणाचा आहे बघू' म्हणून लावू नका. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी असे २९७ ड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. किमान ४५ टक्के ड्राइव्ह लोकांनी लावून आतली फाइल उघडली होती. परत करावा म्हणूनच बऱ्याच जणांनी उघडला, हे विशेष.

मग घ्यायचं काय? तुमची मूळ अडचण लॅपटॉपची जागा संपण्याची आहे. पेन ड्राइव्ह तुम्ही कपाट म्हणून वापरताय, आणि तो आहे हातातली पिशवी. कपाट हवं असेल तर बाहेरून जोडायची एसएसडी किंवा हार्ड डिस्क घ्या, ती घरीच ठेवा, आणि महिन्यातून एकदा लॅपटॉप आणि पेन ड्राइव्हवरचं सगळं तिच्यावर उतरवा. त्यातही जे पुन्हा मिळणार नाही, त्याची आणखी एक प्रत घराबाहेर असू द्या, क्लाउडवर किंवा भावाकडे. लॅपटॉपची आतली डिस्क बदलून मोठी बसवता येते का हेही एकदा दुरुस्तीवाल्याला विचारा. बऱ्याच मॉडेलमध्ये येते, आणि मग जागेचा प्रश्नच मिटतो.

शाळेत न्यायला ३२ किंवा ६४ जीबीचा साधा, धातूचा, दोरी ओवायला भोक असलेला ड्राइव्ह घ्या. एकदम २५६ चा घेण्यापेक्षा असे दोन बरे. फार लांब नको, फार छोटाही नको, अंगठ्याच्या पेराएवढा. फोनमधून फोटो घ्यायचे असतील तर एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्याला नेहमीचा प्लग असलेला मिळतो. फॉरमॅट, म्हणजे फाइलींची नोंद ठेवायची पद्धत, एक्सफॅट ठेवा, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वाचता-लिहिता येतं. एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, आणि स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ नेमका त्याच्या पुढे जातो. ड्राइव्ह अर्धा रिकामा आणि संगणक म्हणतो जागा नाही, हा गोंधळ बहुतेक वेळा त्यामुळेच होतो. ड्राइव्हचं नाव बदलून 'शाळा' आणि 'घर' असं काही करा, म्हणजे घाईत चुकीच्या ड्राइव्हवर हात पडणार नाही.

तरीही छोटाच हवा असं मन म्हणत असेल तर घ्या, माझी हरकत नाही. फक्त काम झालं की काढायचा, दोरीत ओवायचा, आणि त्यावर जे आहे ते दुसरीकडेही आहे याची खात्री असू द्यायची. लॅपटॉप उचलताना ड्राइव्ह दाराला आपटतो तो लावलेला राहिल्यामुळे. काढून ठेवायची सवय लागली तर लांब ड्राइव्हही वाकत नाही.

आणि आताचा नखाएवढा ड्राइव्ह फेकू नका. सगळं उतरवून झालं, ऐकून झालं, की तो पूर्ण फॉरमॅट करा आणि गाडीत लावा. गाड्यांच्या म्युझिक सिस्टीमना बऱ्याचदा एफएटी३२ च लागतं, आणि विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला तो पर्याय दाखवत नसेल, तर ३२ जीबीचं एक पार्टिशन, म्हणजे ड्राइव्हचा वेगळा भाग, करून घ्या. गाणी भरा. त्याने पुन्हा एखाद्या दिवशी फॉरमॅट करू का म्हणून विचारलं, तर त्या वेळी खुशाल 'हो' म्हणा.